रेणापूर, रेणापुरात, रेणापूरकर : प्रत्यय लागताना शब्द का बदलतो?

१. एक गाव, दोन ‘पु’

लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर या तालुक्याच्या गावाचे नाव लिहिताना ‘पू’ दीर्घ लिहायचा असतो. ‘रेणापुरात रेणुकादेवीचे मंदिर आहे’ असे वाक्य केले, की तोच ‘पु’ ऱ्हस्व होतो. ‘रेणापूरला जायचे आहे’ असे लिहिले, तर तो पुन्हा दीर्घ. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका आणि अर्ज यांत ‘रेणापुर’, ‘रेणापूरात’, ‘रेणापुरला’ अशी सगळीच रूपे सापडतात. लिहिणारा निष्काळजी असतो असेही नाही. त्याला पडलेला प्रश्न रास्त असतो: गाव तेच, नाव तेच, मग मागे ‘त’ लागला म्हणून उकार का बदलावा? आणि ‘त’ लागल्यावर बदलतो, तर ‘ला’ लागल्यावर का नाही?

आज शाळेत, छापखान्यात आणि सरकारी कामकाजात जे लेखननियम प्रमाण मानले जातात, ते फार जुने नाहीत. मराठी साहित्य महामंडळाची स्थापना १९६१ साली झाली. महामंडळाने तयार केलेले चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली आणि एकूण अठरा झाले. त्यांतला एक नियम तर थेट रेणापूरच्याच उपयोगाचा आहे. गावाच्या नावात येणारा ‘पूर’ नेहमी दीर्घ लिहावा, असे तो सांगतो. संस्कृतातला मूळ शब्द ‘पुर’ ऱ्हस्व आहे, तरीही मराठीत सोलापूर, नागपूर, अहमदपूर, अर्धापूर, रेणापूर हीच रूपे प्रमाण. ‘रेणापुर’ लिहिणारा संस्कृतच्या दृष्टीने चुकत नाही, मराठीच्या दृष्टीने चुकतो.

मात्र हा नियम नाव एकटे असतानाचा. नावाला काही जोडले की दुसरे नियम लागू होतात, आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो.

२. सामान्यरूप म्हणजे काय

मराठीत नामाला ‘ला’, ‘ने’, ‘चा’, ‘त’ असे प्रत्यय लागतात. ‘वर’, ‘खाली’, ‘साठी’, ‘जवळ’ अशी शब्दयोगी अव्ययेही लागतात. पण यांतले बहुतेक प्रत्यय मूळ शब्दाला थेट चिकटत नाहीत. ‘घर’ला ‘ला’ लावला तर ‘घरला’ होत नाही, ‘घराला’ होते. हा मधला ‘आ’ कुठून आला? तो प्रत्ययाचा नव्हे. प्रत्यय लागण्याआधी ‘घर’ या शब्दाने ‘घरा’ असे रूप घेतले आणि मग त्याला ‘ला’ लागला. प्रत्यय लावण्यासाठी शब्द जे तयारीचे रूप घेतो, त्याला सामान्यरूप म्हणतात. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडण्याआधी मागे हूक लागतो, तसा हा शब्दाचा हूक. एकदा हूक बसला, की कोणतीही ट्रॉली जोडता येते: घराला, घराने, घराचा, घरात, घरावर, घरासमोर. कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरला एकामागे एक दोन ट्रॉल्याही असतात; भाषेतही ‘घरातल्याला’, ‘घरासमोरच्यांना’ अशी रांग लागते.

हूक कोणत्या आकाराचा बसणार, हे शब्दाचे लिंग आणि शेवटचा स्वर यांवर ठरते. ‘घर’, ‘डोंगर’, ‘बैल’ असे अकारान्त म्हणजे शेवटी ‘अ’ असलेले पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्द ‘आ’ घेतात. ‘वाट’, ‘चिंच’, ‘सून’ असे स्त्रीलिंगी शब्द ‘ए’ घेतात: वाटेला, चिंचेला, सुनेला. काही स्त्रीलिंगी शब्द ‘ई’ घेतात: जमिनीला, भिंतीला, तुरीला. ‘मळा’, ‘कांदा’, ‘मका’ यांसारखे पुल्लिंगी आकारान्त शब्द ‘या’ घेतात: मळ्यात, कांद्याला, मक्याला. मराठी घरात वाढलेले मूल हे सगळे शाळेत जाण्याआधीच अचूक बोलते. शाळेला फक्त लेखन शिकवायचे उरते.

सामान्यरूपाच्या ‘आ’, ‘ए’ किंवा ‘ई’मुळे शब्दाला शेवटी एक नवा दीर्घ स्वर मिळतो आणि त्याचे परिणाम आतपर्यंत जातात. रेणापूरचा ‘पु’ त्यामुळेच बदलतो.

३. उच्चाराचा भार

‘रेणापूर’ मोठ्याने म्हणून पाहिले, तर लिहिण्यात चार अक्षरे असूनही उच्चारात तीनच तुकडे पडतात: रे, णा, पूर. शेवटच्या ‘र’मधला ‘अ’ मराठीत जवळजवळ ऐकूच येत नाही. ‘र’ला स्वतःचा स्वर नसल्यामुळे तो ‘पू’वर रेलतो, आणि तो भार सांभाळताना ‘पू’ लांबतो. म्हणून मराठी अकारान्त शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षरातला, म्हणजे उपान्त्य, इकार-उकार दीर्घ लिहितात: फूल, मूल, दूध, गूळ, पीक, गरीब, वकील.

आता ‘त’ जोडून पाहावा: रे, णा, पु, रात. ‘र’ला स्वतःचा ‘आ’ मिळाला, त्यामुळे ‘पु’वरचा भार उतरला. शब्दाचा जोर पुढच्या दीर्घ स्वराकडे गेला आणि ‘पु’ आखूड झाला. दीर्घ शेवटाच्या मराठी शब्दांत उपान्त्य इकार-उकार ऱ्हस्व असतो, हा वेगळा सांगितला जाणारा नियमही मुळात हाच: विळी, किडा, सुरू, महिना. सोलापूरची चादर ‘सोलापुरी’ होते, कोल्हापूरची चप्पल ‘कोल्हापुरी’ होते, ते याच कारणाने. नियमांच्या यादीत हे तीन वेगळे नियम दिसतात. कानाला ते एकच आहेत, आणि तीन नियम पाठ करण्यापेक्षा हे एक कारण समजून घेणे कितीतरी सोपे.

लातूरच्या बाजार समितीत येणारा माल या नियमाला चांगला सराव देतो. तूर – तुरीचा भाव. मूग – मुगाची आवक. गूळ – गुळाचा सौदा. ऊस – उसाची तोड. पीक – पिकाचा विमा. खरीप – खरिपाचा हंगाम. ‘तूरीचा भाव’ किंवा ‘ऊसाचा दर’ ही रूपे फलकांवर सर्रास दिसतात, पण ती उच्चारालाही धरून नाहीत. ‘ऊसाचा’ मधला ‘ऊ’ खरोखर लांबवून म्हणणारा माणूस सापडणे कठीण.

४. ‘रेणापूरला’ दीर्घ कसे?

आता उपप्रश्नाकडे. ‘रेणापुरात’ मध्ये सामान्यरूप झाले: रेणापुरा + त. ‘रेणापूरला’ मध्ये ते झालेच नाही. ‘रेणापुराला’ असे कोणी म्हणत नाही. गावांच्या नावांना, विशेषतः अकारान्त पुल्लिंगी-नपुंसकलिंगी नावांना, ‘ला’, ‘चा’, ‘हून’ हे प्रत्यय थेट लावण्याची मराठीची सवय आहे: रेणापूरला, रेणापूरचा, रेणापूरहून. ‘मध्ये’, ‘जवळ’, ‘पर्यंत’ हीसुद्धा अशीच लागतात. सामान्यरूप नाही म्हणजे ‘र’ला स्वर नाही, ‘र’ला स्वर नाही म्हणजे भार ‘पू’वरच, आणि म्हणून ‘पू’ दीर्घ. नियमाला हा अपवाद वाटतो, पण नियम इथे नेमकेपणाने पाळलेला आहे.

२०२२ साली पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरले, असे लिहिले तर ‘गी’ दीर्घ. उदगिरात भरले, असे लिहिले तर ‘गि’ ऱ्हस्व. दोन्ही शुद्ध.

लातूर जिल्ह्याचे दहाही तालुके या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. लातूर, चाकूर, रेणापूर, अहमदपूर, उदगीर, शिरूर अनंतपाळ ही एका जातीची नावे: लातूरला पण लातुरात, चाकूरला पण चाकुरात. जळकोटच्या उपान्त्य अक्षरात इकार-उकारच नाही, म्हणून बदलायला काही नाही. देवणी ईकारान्त, ‘देवणीला’, ‘देवणीत’, ‘देवणीची गाय’ असा तिचा शेवट कायम राहतो. निलंगा आकारान्त, म्हणून निलंग्याला. औशाची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.

अकारान्त स्त्रीलिंगी गावे मात्र थेट प्रत्यय घेत नाहीत, हूक मागतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला भीषण पाणीटंचाई असताना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ‘मिरजेहून लातूरला’ या दोन शब्दांत दोन्ही सवयी शेजारी दिसतात. मिरज स्त्रीलिंगी, तिने ‘ए’ घेतला. लातूरने काहीच घेतले नाही.

‘कर’ हा प्रत्ययही गावाच्या नावाला सामान्यरूपाशिवाय लागतो, म्हणून लातूरकर, उदगीरकर, रेणापूरकर यांत मूळचा दीर्घ स्वर टिकतो. चाकूरचे शिवराज पाटील ‘चाकूरकर’ म्हणून ओळखले गेले. आकारान्त नावाचा ‘आ’ मात्र ‘कर’पुढे अनेकदा ‘ए’ होतो. निलंग्याचे शिवाजीराव पाटील ‘निलंगेकर’, ‘निलंगाकर’ नव्हे.

५. स्वर गळून पडतो तेव्हा

काही शब्दांत भार उतरल्यावर स्वर नुसता आखूड होऊन थांबत नाही, नाहीसाच होतो. लाकूड – लाकडात. कापूस – कापसाला. माणूस – माणसाने. बेरीज – बेरजेत. तारीख – तारखेला. हे सगळे तीन अक्षरी शब्द आहेत आणि त्यांचे पहिले अक्षर दीर्घ आहे. ‘ला-कु-डात’ म्हणताना ‘कु’ दोन जड अक्षरांच्या मध्ये सापडतो आणि चिरडला जाऊन ‘क’ होतो. पहिले अक्षर ऱ्हस्व असेल, तर मधल्या स्वराला तग धरायला जागा मिळते: वकील – वकिलाला, गरीब – गरिबाला, जमीन – जमिनीला. ‘तारीख’ आणि ‘जमीन’ दोन्ही फारसीच्या वाटेने आलेले शब्द, आणि निजामाच्या राजवटीत १९४८पर्यंत उर्दूत दप्तर चाललेल्या मराठवाड्यात तर ते रोजच्या वापरातले. पण एकीची ‘तारखेला’ होते आणि दुसरीची ‘जमिनीला’, ते केवळ ‘ता’ आणि ‘ज’ यांच्या वजनातल्या फरकामुळे.

‘पाऊस’ आणि ‘पाऊल’ यांत ‘ऊ’ गळून न पडता ‘व’ होतो: पावसात, पावलाला. ‘गहू’चे ‘गव्हाला’, ‘भाऊ’चे ‘भावाला’, ‘विंचू’चे ‘विंचवाला’ हीदेखील त्याच घराण्यातली रूपे.

इथे दोन ठिकाणी नियम तोकडा पडतो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ‘उडीद’चे पहिले अक्षर ऱ्हस्व आहे, तेव्हा नियमाप्रमाणे ‘उडिदाचा’ व्हायला हवे. प्रत्यक्षात आडतीवर आणि स्वयंपाकघरात ‘उडदाचा’ हेच रूप चालते, आणि तेच रूढ आहे. उलट ‘लातूर’, ‘चाकूर’, ‘माहूर’ तीन अक्षरी, पहिले अक्षर दीर्घ. नियम आंधळेपणाने लावला तर ‘लातरात’, ‘चाकरात’, ‘माहरात’ होईल. तसे होत नाही. विशेषनाम ओळखू यायला हवे, म्हणून गावाच्या नावातला स्वर आखूड होतो, पण गळत नाही. चिपळूणचे ‘चिपळुणात’ आणि वेरूळचे ‘वेरुळात’ याचीच साक्ष देतात.

६. जुळी अक्षरे सुटतात

‘रक्कम’चे सामान्यरूप ‘रकमे-’ होते, ‘रक्कमे-’ नाही. चप्पल – चपलेला, छप्पर – छपराला, दुप्पट – दुपटीने. तीन अक्षरी शब्दाच्या मध्ये ‘क’ किंवा ‘प’ यांचे द्वित्व असेल, तर सामान्यरूपात ते सुटते. ‘किंमत’, ‘गंमत’, ‘हिंमत’ यांतला अनुस्वारही असाच जातो: किमतीला, गमतीने, हिमतीने. बाजारभावाच्या बातम्यांत ‘किंमतीत वाढ’ असे छापलेले रोज दिसते. नियमाप्रमाणे ‘किमतीत’ हवे.

इंग्रजीत याच्या नेमके उलटे घडते. उडी मारणे या अर्थाच्या ‘हॉप’ला ‘इंग’ लावताना शेवटचा पी दोनदा लिहावा लागतो. आशा या अर्थाच्या ‘होप’ला ‘इंग’ लावताना शेवटचा मुका ई गाळतात आणि पी एकच ठेवतात. दोन पी दिसले, की आधीचा स्वर आखूड वाचायचा, अशी ती खूण. इंग्रजीत प्रत्ययापुढे अक्षर दुप्पट होते ते आधीच्या स्वराचा उच्चार टिकवण्यासाठी. मराठीत द्वित्व सुटते ते उच्चार मुळातच बदललेला असतो म्हणून. मराठी लेखन बोलण्याच्या मागोमाग चालते, इंग्रजी लेखन वाचणाऱ्याला इशारे देत चालते. इंग्रजी स्पेलिंगला कंटाळलेल्या विद्यार्थ्याला मराठीचे नियम सोपे वाटायला हवेत. ते तसे वाटत नाहीत, याचे कारण पुढच्या भागात आहे.

७. पिठात आणि विद्यापीठात

‘पीठ’ हा शब्द घ्यावा. गिरणीतून दळून आणलेले पीठ: ‘पिठात मीठ घातले’. नियम तंतोतंत पाळला गेला. आता नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ: ‘विद्यापीठात प्रवेश घेतला’. इथे ‘पी’ दीर्घच राहिला. दोन्हीकडे ‘पीठ’, दोन्हीकडे ‘त’, तरी लेखन वेगळे.

फरक जन्माचा आहे. आसन किंवा स्थान या अर्थाचा ‘पीठ’ संस्कृतातून जसाच्या तसा आला. अशा शब्दांना तत्सम म्हणतात. दळलेले ‘पीठ’ संस्कृत ‘पिष्ट’पासून झिजत झिजत आले, ते मराठीचे झाले. तत्सम शब्दांचा उपान्त्य इकार-उकार सामान्यरूपातही मूळचाच ठेवावा, असा नियम आहे. म्हणून दूध – दुधात, पण रूप – रूपात. सूत – सुताने, पण दूत – दूताने. जमीन – जमिनीत, पण शरीर – शरीरात. याच न्यायाने मूळचा ऱ्हस्वही ऱ्हस्वच राहतो. ‘मंदिर’ तत्सम आहे, त्यातला ‘दि’ एकट्या शब्दातही ऱ्हस्व. ‘रेणुकामाता मंदीर’ असे लिहिणारा मराठी अकारान्त शब्दांचा नियम अगदी निष्ठेने पाळत असतो; चुकतो तो फक्त शब्दाची जात ओळखताना.

मराठी लेखन अवघड वाटण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. ‘दूध’ आणि ‘रूप’ यांच्या उच्चारात असा काही फरक नाही, की ज्यावरून एकाचे ‘दुधात’ आणि दुसऱ्याचे ‘रूपात’ करावे. लिहिणाऱ्याला शब्दाचे कूळ माहीत असावे लागते. ज्याने संस्कृत कधी वाचलेच नाही, त्याने हे कुठून आणावे? या अपवादावर वेळोवेळी टीका झाली आहे, आणि ती योग्यच आहे. पण नियम आहे तोवर तो पाळण्यासाठी काही खुणा उपयोगी पडतात. शब्दाचे वेगळे संस्कृत रूप आठवत असेल, तर समोरचा शब्द बहुधा मराठी: ‘दुग्ध’ आठवते म्हणून ‘दूध’ मराठी, ‘स्नुषा’ आठवते म्हणून ‘सून’ मराठी, ‘इक्षु’ आठवते म्हणून ‘ऊस’ मराठी. गीत, संगीत, वीर, पूजा, परीक्षा यांना असा दुसरा मूळ पुरुष सापडत नाही. ते स्वतःच मूळ पुरुष आहेत. म्हणून गीतात, वीराला, पूजेला, परीक्षेला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या हाती मो. रा. वाळंबे यांचे व्याकरण असते. शंका आली की एकेक शब्द काढून पाहायला अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ सोयीचा, कारण त्यात शब्दाबरोबर त्याचे सामान्यरूपही दिलेले आहे.

तत्सम शब्दांची आणखी एक खोड आहे. शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ लिहायचा, म्हणून ‘शक्ती’, ‘गुरू’. प्रत्यय लागला तरी दीर्घच: शक्तीने, गुरूंचा. पण हाच शब्द समासात पहिला आला, की मूळ संस्कृत ऱ्हस्व परत येतो: माहूरचे शक्तिपीठ, नांदेडचा गुरुद्वारा. ‘गुरूंच्या आठवणीचा गुरुद्वारा’ या शब्दांत ‘रू’ आणि ‘रु’ दोन्ही बरोबर आहेत.

८. श, ऱ्या आणि एक टिंब

आता औसा. शेवटी ‘सा’ असलेल्या पुल्लिंगी शब्दांत ‘या’ लागण्याऐवजी ‘सा’चा ‘शा’ होतो: ससा – सशाला, घसा – घशात, पैसा – पैशाला. म्हणून औशाला, औशाचा किल्ला. ‘औश्याला’ आणि ‘पैश्याला’ यांतला ‘य’ फुकटचा आहे. शेवटी ‘जा’ असेल, तर तो तसाच राहतो: दरवाजा – दरवाजाला, मोजा – मोजात.

‘रा’ला किंवा ‘री’ला ‘या’ मिळाला, की मराठीचे खास ‘ऱ्या’ तयार होते: हरभरा – हरभऱ्याला, सातारा – साताऱ्याला, गुरुद्वारा – गुरुद्वाऱ्यात, शेतकरी – शेतकऱ्याला. हे ‘सूर्य’मधल्या ‘र्य’पेक्षा वेगळे, आणि हा वेगळेपणा हौसेचा नाही. ‘आचार्याला’ बोलावले तर प्रवचन होईल, ‘आचाऱ्याला’ बोलावले तर जेवण होईल. मोबाइलवर टंकताना ‘ऱ’ हे वेगळे अक्षर निवडावे लागते, ते न निवडल्यामुळे ‘शेतकर्याला’ असे अर्धवट रूप आता सगळीकडे पसरले आहे.

अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार येतो: शेतकऱ्याला म्हणजे एकाला, शेतकऱ्यांना म्हणजे अनेकांना. १९६२च्या आधी ‘घरांत’ असे लिहिले, तर एका घरात की अनेक घरांत हे कळत नसे, कारण सप्तमीच्या एकवचनावरही टिंब देत. नव्या नियमांनी ते काढले, आणि ‘घरात’ व ‘घरांत’ वेगळे झाले. या नियमांमुळे झालेल्या निखळ फायद्यांपैकी हा एक. आदरार्थी बोलताना माणूस एकच असला तरी रूप अनेकवचनी होते, म्हणून ‘सरपंचांना निवेदन दिले’. ‘सरपंचाना’ असे टिंब गाळून लिहिले, तर ते रूप ना एकवचनाचे, ना आदराचे.

९. ‘करणेबाबत’ आणि मुंडे यांनी

एकारान्त नामाचे सामान्यरूप ‘या’ने होते. पुणे – पुण्यात, ठाणे – ठाण्याला, करणे – करण्यासाठी. हे बोलताना कोणी चुकत नाही, अर्ज लिहिताना मात्र जवळजवळ सगळे चुकतात. ‘सातबारा उतारा मिळणेबाबत’, ‘रस्ता दुरुस्त करणेसाठी’, ‘नोंद घेणेस विनंती’ हे जुने दप्तरी वळण तहसीलपासून ग्रामपंचायतीपर्यंत इतके रुळले आहे, की ‘मिळण्याबाबत’ लिहिले तर अर्ज कच्चा वाटावा. शुद्ध रूपे मिळण्याबाबत, करण्यासाठी, घेण्यास हीच.

आडनावांत नियम आणि रूढी यांची गाठ अजून सुटलेली नाही. नियमाप्रमाणे फडके – फडक्यांना, तसे मुंडे – मुंड्यांना व्हायला हवे. गोपीनाथ मुंडे यांनी १९९० ते २००९ या काळात विधानसभेत रेणापूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. त्यांच्याविषयीच्या बातम्यांत ‘मुंडेंनी’ हे रूप आढळते, ‘मुंड्यांनी’ क्वचित. आडनाव मोडले तर अनादर होईल, अशी लिहिणाऱ्याला धास्ती असते. छापील मराठीने यातून काढलेली वाट म्हणजे ‘मुंडे यांनी’: प्रत्यय नावाला न लावता ‘यां’ला लावायचा, म्हणजे नावही शाबूत आणि नियमही.

१०. येऊन, जेवून

क्रियापदांचा एकच प्रत्यय इथे घेण्यासारखा आहे, कारण बॅनरवरच्या मराठीतल्या निम्म्या चुका त्याच्याच असाव्यात असे वाटते. धातूच्या शेवटी मुळात ‘व’ असेल तर ‘वून’, नसेल तर ‘ऊन’. ‘जेव’मध्ये ‘व’ आहे: जेवून. ठेव – ठेवून, धाव – धावून, लाव – लावून. ‘ये’मध्ये ‘व’ नाही: येऊन. दे – देऊन, घे – घेऊन, खा – खाऊन, पी – पिऊन. ‘सहकुटुंब येवून’, ‘आशीर्वाद देवून’ यांत ‘व’ उपरा आहे. शंका आल्यास आज्ञा करून पाहावी: ‘तू जेव’ म्हणतात, ‘तू येव’ म्हणत नाहीत. मराठवाड्यात सहज म्हटले जाणारे ‘धुवून’ही लेखनात ‘धुऊन’ होते, कारण धातू ‘धू’ आहे.

११. इंग्रजी शब्द हूक कधी घेतात?

‘टेबलावर’ आणि ‘मोबाइलवर’ यांत एकाने ‘आ’ घेतला, दुसऱ्याने नाही. शब्द मराठीत किती मुरला आहे, हे त्याच्या सामान्यरूपावरून बरेचसे कळते. जुने इंग्रजी शब्द पूर्ण मराठी रीत पाळतात: कोर्टात, बँकेत, स्टेशनावर, मोटारीत, पेन्सिलीने. ‘तिकीट’ तर मराठी अकारान्त शब्दाप्रमाणे दीर्घ ‘की’ घेऊन बसले आणि प्रत्यय लागताच तो ऱ्हस्व करते: तिकिटाला, तिकिटावर. नंतर आलेले शब्द हूक नाकारतात आणि ‘मध्ये’, ‘वर’, ‘चा’ यांना थेट जोडतात: कारमध्ये, ट्रॅक्टरवर, इंटरनेटचा, लॅपटॉपने. ‘सोयाबीन’ हा लातूरच्या बाजाराचा मोठा माल असूनही अजून याच रांगेत आहे. ‘सोयाबीनचा भाव’ म्हणतात, ‘सोयाबिनाचा’ नाही. काही शब्द अजून उंबऱ्यावर आहेत: ‘ऑफिसात’ आणि ‘ऑफिसमध्ये’, ‘डॉक्टरला’ आणि ‘डॉक्टराला’ अशी दोन्ही रूपे चालतात, आणि तरुण लिहिणाऱ्यांचा कल दर वेळी बिनहुकाच्या रूपाकडे असतो. जे रूप घ्यायचे ते एका लेखनात शेवटपर्यंत तेच ठेवावे.